खापर कुणाच्या डोक्यावर? नशीब, आपला वाटा, दुसऱ्यांचा दोष: तुमचे अनुभव

काही बिनसलं की 'कुणामुळे?' हा प्रश्न लगेच येतो. चांगलं झालं की तो कुणी विचारत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवं दैव. आपण त्यातलं सोयीचं तेवढं उचलतो, असं मला फार दिवस वाटतंय. तुमचा हिशेब कसा लागला? उपदेश नको, घडलेलं लिहा.

*

आमच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. निदान झाल्यावर घरात एकच चौकशी सुरू झाली: हे कुणाच्या बाजूने आलं? सासूबाई माझ्या माहेरचे आजार आठवत होत्या, आई माझ्या सासरचे. मी स्वतः गरोदरपणातला एकेक दिवस उकरत होते. कधी धावपळ झाली, कधी औषध चुकलं.

समुपदेशक बाईंनी कागदावर गुणसूत्रं काढून दाखवली. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये ही अख्खी प्रत जास्त असते, ती पेशीविभाजनात झालेल्या गडबडीमुळे, आणि सहसा वारशाने येत नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते, हेही त्यांनी लपवलं नाही. पण मी काही केल्याने किंवा न केल्याने हे झालेलं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोनदा सांगायची गरज होतीच.

तो कागद मी सासूबाई आणि आई, दोघींना शेजारी बसवून दाखवला. मग बोलणं व्यायामावर, बोलायला शिकवण्यावर आलं. सासूबाई रोज त्याचे व्यायाम करून घेतात. माझ्यापेक्षा त्यांच्याकडे चिकाटी जास्त आहे.

*

मी मुलांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे वयोगट १ जानेवारीपासून धरतात. निवड झालेल्यांच्या जन्मतारखा पाहिल्या तर बरीचशी मुलं वर्षाच्या सुरुवातीची. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंमध्ये १९८० च्या दशकातच संशोधकांना हे आढळलं होतं. जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, अंगाने थोराड. ते निवडलं जातं, त्याला सराव जास्त मिळतो, मग ते खरंच सरस होतं. डिसेंबरातल्याला आपण 'कष्ट कमी पडतात' म्हणतो! निवड झालेल्या मुलाची मेहनत खोटी नसते, म्हणूनच त्याच्या पालकांना हे पटवणं कठीण जातं. मी आता नाकारलेल्या मुलांना पुढच्या हंगामात पुन्हा बोलावतो.

*

सासऱ्यांच्या आजारपणात दोघे भाऊ म्हणायचे, सगळं मीच केलं. दोघेही खरं बोलत होते. स्वतःचं जागरण आठवतं, दुसऱ्याचं दिसत नाही.

*

परिचारिका आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या एकाच खणात होत्या. सहकारी मुलीने चुकीची उचलली, वेळेत लक्षात आलं. तिला बोलणी बसली, बाटल्या तिथेच राहिल्या. पुढे दुसरीच्या हातून तेच झालं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक स्वतःच्या चुका नासाकडे गोपनीयपणे कळवू शकतात. बहुतेक अनवधानाच्या चुकांत, वेळेत कळवलं तर दंडातून सूट मिळते, त्यामुळे माणसं लपवत नाहीत. आमच्याकडे खण बदलायला फार उशीर झाला.

*

वरचं सगळं पटतं, तरी एक दुसरी बाजू. दारू प्यायलेल्या चालकाने मला उडवलं. पाय वाचला, पण चाल बदलली. भेटायला येणारे म्हणायचे, "नशीब, दुसरं काय." काही म्हणायचे, "कुणाला दोष देऊन काय मिळणार?" मला फार राग यायचा. मी त्या वळणावर त्या क्षणी होते, हे नशीब. पिऊन गाडी चालवणं हा त्याचा निर्णय होता. दोन्ही एकत्र कालवले की तो सुटतो. व्यायाम मी रोज करते, कारण ते माझ्याच हातात आहे, त्याच्याकडून ते कुणी करून घेऊ शकत नाही. खटला चालू आहे. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे आणि मी जाणार आहे.