हिऱ्यासोबतच्या कागदावर खाणीचं नाव कुठे असतं?

अनुराधा_ठाणे
काल साखरपुड्याच्या अंगठीच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "किंबर्लीचं सर्टिफिकेट मागा, मिळालं की हिरा स्वच्छ. उगाच डोक्याला ताप नको." खाली भराभर अंगठे. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

किंबर्ली म्हणजे बंडखोरांचा हिरा रोखायला देशांनी मिळून उभी केलेली व्यवस्था. ती २००३ पासून आहे आणि फक्त कच्च्या हिऱ्याला लागू आहे. सीलबंद पेटी एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तिच्याबरोबर तो कागद जातो. सुरतेत पेटी फुटली, माल निवडला, घासायला बसला, की कागदाचं काम संपलं. तुमच्या अंगठीतल्या खड्याचं किंबर्ली सर्टिफिकेट नसतंच! बिलाखाली छापलेलं 'संघर्षमुक्त' हे वाक्य म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला शब्द.

आणि 'संघर्ष' म्हणजे तरी काय? बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या युद्धासाठी विकलेला हिरा, एवढंच. झिंबाब्वेत मारांगेला २००८ मध्ये खाणीत उतरलेल्या गरिबांवर सैन्यानेच गोळ्या झाडल्या. दोनशेच्या वर माणसं गेल्याचं मानवी हक्क संघटनांनी नोंदवलं. पण मारणारं सरकार, म्हणून व्याख्येत बसत नाही. २०११ मध्ये त्या मालाला किंबर्लीकडून निर्यातीची परवानगी मिळाली. ही व्यवस्था उभी करायला झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था त्याच वर्षी तिच्यातून बाहेर पडली.

भाचीसाठी बहिणीबरोबर दुकानात गेले होते. हिरा कुठला, विचारलं. "मॅडम, बेल्जियमचा." बेल्जियममध्ये हिऱ्याची एकही खाण नाही. मग जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा कागद पुढे केला. भिंगातून हिऱ्याच्या कमरेवरचा, म्हणजे कडेवरचा, बारीक नंबर दाखवला, कागदाशी जुळवला. जुळला. पण कागदावर वजन, रंग, आतले डाग, कट. देश नाही. बहीण म्हणाली, चल आता, पार्किंगचे पैसे वाढतायत.

सराफकट्टा
ताई, तिसरी पिढी आहे माझी या धंद्यात. गिऱ्हाईक दोन तास मजुरीवर घासाघीस करतं, पन्नास रुपयांसाठी उठून जातं. हिरा कुठला हे तीस वर्षांत मला तीन जणांनी विचारलं असेल. मागणी नाही तर माहिती ठेवणार कोण?

नथीत दोन-तीन सेंटचे, म्हणजे कॅरेटच्या दोन-तीन शतांशांचे, खडे असतात. पुडीत शेकड्याने येतात. खड्याखड्याची जन्मपत्रिका मी कुठून आणू? पेटी बाहेरून येते तेव्हाच तिच्या कागदावर देशाच्या जागी अनेकदा 'मिश्र' लिहिलेलं असतं. सरसकट सगळ्या सराफांना खोटारडं ठरवू नका.

निनाद७७
पण आता हॉलमार्क सक्तीचा आहे ना? दागिन्यावरचा एचयूआयडी नंबर टाकला की ॲपवर सगळं दिसतं.

सराफकट्टा
तो सोन्याच्या शुद्धतेचा. हिऱ्याशी काडीचा संबंध नाही. हे तरी आधी वाचून या.

रानवारा
एवढी डोकेफोड कशाला? प्रयोगशाळेत बनवलेला हिरा घ्या. तोच कार्बन, तीच चमक, किंमत पावसुद्धा नाही. खाण नाही, सैन्य नाही, बालमजूर नाही. विषय संपला. खाणीतला हिरा घेणारे अजून 'खरा-खोटा' करतात याची कीव येते.

खान्देशी
विषय संपला कसा? माझा चुलतभाऊ शिरपूरहून सुरतेला गेला, वराछात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसतो. एका घंटीभोवती चौघं. मान खाली, डोळ्याला भिंग, खडा चाकावर टेकवायचा, उचलून बघायचा, परत टेकवायचा. दिवसभर. पैसे नगावर. नावाला रत्नकलाकार, पण पीएफ नाही, पगाराची पावती नाही. २००८ ला कारखान्याने दिवाळीची सुट्टी दिली, ती संपलीच नाही. गावी येऊन कापूस वेचला त्याने. २०२४ ला अमेरिकेने रशियाचा हिरा, सुरतेत घासलेला असला तरी, बंद केला, त्यात मंदी. तेव्हा आठवड्याला तीन दिवस काम. तुमचा लॅबवाला हिराही तोच घासतो, आणि त्याला नगाला कमी पैसे मिळतात. आफ्रिकेतल्या मजुरासाठी रडता, सुरतेतला दिसत नाही?

रानवारा
भाऊ, तो प्रश्न कामगार कायद्याचा आहे, हिऱ्याचा नाही. विषयाला फाटे फोडू नका.

खान्देशी
फाटा? जगातले दहातले नऊ हिरे सुरतेत घासले जातात. मूळ शोधायचं तर मधला माणूस वगळून कसं शोधणार? तुम्ही त्या कारखान्याचा जिना तरी चढलात का कधी?

गॅबोरोनकर
अकरा वर्षं बोट्स्वानात आहे. रानवारा यांचं वाचून राग आला, स्पष्टच लिहितो. हा देश १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी ओरापाला हिरा सापडला. खाणीच्या कंपनीत निम्मा वाटा सरकारचा. शाळा, रस्ते, दवाखाने त्यावर उभे राहिले. खाणीतल्या हिऱ्याची मागणी घसरली, त्यात प्रयोगशाळेतल्या मालाचा मोठा हात आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राष्ट्राध्यक्षांना औषधांच्या तुटवड्यामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. आमची घरकाम करणारी बाई आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तीन दवाखाने फिरली. 'खाण नाही' म्हणजे कुणाचंच नुकसान नाही, असं नसतं.

रानवारा
बोट्स्वानाचं मान्य. ते माहीत नव्हतं. पण दुकानातला हिरा बोट्स्वानाचाच, हे सिद्ध कसं करणार? घासलेला खडा नुसता तपासून देश सांगता येत नाही. कच्चा असतानाच तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेने बघून ठेवला असेल तर जुळवता येतो.

अनुराधा_ठाणे
तेच तर म्हणतेय! म्हणून तसा रिपोर्ट असलेला, नाहीतर कॅनडासारखा खाणीपासून नंबर लावलेला हिरा मागा. नसेल तर बिलावर हाताने लिहून घ्या, 'उत्खननाचा देश अमुक' किंवा 'माहीत नाही'. 'माहीत नाही' लिहिलेलंही मला चालेल. 'बेल्जियम' चालणार नाही.

खान्देशी दादा, सुरतेचं मी विचारलंच नव्हतं, ही माझी चूक. पुढच्या दुकानात तेही विचारीन. उत्तर मिळेल अशी आशा कमी आहे.

भाचीने आता आजीच्या कुड्या मोडून अंगठी करायचं ठरवलंय. सात सात हिरे. नवीन खडा नकोच.

निनाद७७
आजीचे हिरे तरी कुठले? ज्या गावावरून त्या व्यवस्थेचं नाव पडलं, त्या दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीतच खाणमालक काळ्या मजुरांना कुंपणात कोंडून ठेवायचे, महिनोन्‌महिने बाहेर सोडत नसत. जुना म्हणजे स्वच्छ, असं कोण म्हणतं?

अनुराधा_ठाणे
स्वच्छ म्हणत नाही. त्यापायी आज नवा खड्डा खणला जाणार नाही, एवढंच.

सराफकट्टा
एका कॅरेटच्या वरच्या खड्याला बिलावर देश लिहून देईन, व्यापाऱ्याकडून लेखी आला तर. नथीच्या खड्यांना नाही, ते माझ्या हातात नाही. आणि ताई, कुड्या कुठेही टाका, पण आधी घरी खडे मोजा, एकेकाचा जवळून फोटो काढा, वजन करून पावतीवर घ्या, आणि खडे उतरवताना समोर बसा. बारीक मालात प्रयोगशाळेतला खडा मिसळला तर माझ्याही नुसत्या डोळ्याला कळत नाही.