बहिणीला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करायचंय, आई विडी कामगार. स्कॉलरशिप कुठली बसंल?

घरकुलवाला
नमस्कार मंडळी. बहीण यंदा बारावी सायन्स ६८ टक्क्यांनी पास झाली. नीट वगैरे काय नको म्हणती, लॅबचंच करायचंय तिला, कारण मागल्या वर्षी आईला डेंग्यू झालता तेव्हा सिव्हिलला रोज प्लेटलेटचा रिपोर्ट आणायला हीच जायची आन् तिथंच खिडकीतनं आत काय चाललंय बघत उभारायची. आम्ही सोलापुरात विडी घरकुलला राहतो, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, जात एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) येते. एका ठिकाणी चौकशी केली तर म्हणले दोन वर्षाचा डीएमएलटी, ६० हजार आधी भरा, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो. भरू का? आणि ग्रुपवर प्रगती स्कॉलरशिपचा ५० हजारचा मेसेज फिरतोय तो खरा का?

जांभळी ट्यूब
थांब, एक रुपया भरू नको. मी १४ वर्षं लॅबमध्ये आहे म्हणून सांगते. "स्कॉलरशिपचं आम्ही बघतो" हे वाक्य आलं की आधी मोबाईलवर महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, उघडायचं आणि फॉर्ममध्ये कॉलेजच्या यादीत त्या संस्थेचं नाव आणि पुढं तो कोर्स दिसतोय का ते त्यांच्यासमोरच बघायचं. नसंल तर विषय संपला, तुझी जात, उत्पन्न, मार्क काहीही असू दे. आमच्याकडं एक पोरगी कामाला आली होती, दोन वर्षं फी भरून सर्टिफिकेट घेऊन, हात चांगला होता तिचा, लहान लेकराची शीर पण एका झटक्यात घ्यायची. पण पॅरामेडिकल कौन्सिलला रजिस्ट्रेशन होईना, कारण संस्थेलाच मान्यता नव्हती. आता ती कलेक्शनवरच, म्हणजे नुसतं रक्त काढायलाच आहे, पगार तुम्हीच समजा.
आणि जमत असंल तर डिप्लोम्याऐवजी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची डिग्री बघा, तीन वर्षं आणि वर वर्षाची इंटर्नशिप. डिग्री असली की पुढं एमएस्सीला जाता येतं. फक्त एक आत्ताच सांगून ठेवा तिला, दोन्हीतलं काहीही केलं तरी रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टचीच लागते, सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय. "स्वतःची लॅब टाका" म्हणून कोण ॲडमिशन विकत असंल तर हे पण विचारा त्याला.

सात रस्ता
प्रगतीचा मेसेज खरा आहे पण तुमच्या कामाचा नाही ओ. ती मुलींना वर्षाला ५० हजार देते, पण एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या कॉलेजातल्या टेक्निकल डिग्री डिप्लोम्याला. इंजिनिअरिंगवाल्या पोरींना फॉरवर्ड करा.
दुसरा मेसेज पण येईल, मुलींना शंभर टक्के फी माफ म्हणून. तो जीआर जुलै २०२४ चा. उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, व्यावसायिक कोर्स पाहिजे आणि ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडमधनं (मेरिटच्या केंद्रीय प्रवेशातनं) पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात घेतली की गेलं. तुम्ही एसबीसी म्हणल्यावर तुमचं ओबीसी बहुजन कल्याणच्या योजनांतनं होईल, तेच महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर आत्तापासनं काढायला लागा, सेतूत जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

पूर्व भागातला
अरे आईचं विडी कार्ड आहे ना? मग ते कोण बोलंना कसं इथं! केंद्राच्या कामगार खात्याची स्कॉलरशिप आहे विडी कामगारांच्या पोरांना, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. माझं कॉलेज त्याच्यावरच निघालं. आईची नोकरी सहा महिने झालेली पाहिजे आणि पोरगी मागची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास पाहिजे. पैसे वर्षाला १ हजारापासनं २५ हजारापर्यंत, पण हजार म्हणजे पहिली ते चौथीला आणि २५ प्रोफेशनल कोर्सला, डिप्लोम्याला तेवढे येतील असं धरून चालू नको. आणि दोन्हीकडनं घेता येत नाही, ही घेतली तर दुसरी स्कॉलरशिप नाही. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कागदावर मांडा, फी माफीत जास्त वाचतंय का ह्याच्यात जास्त येतंय.
खातं पोरीच्या नावाचं पाहिजे आणि बँकेत आधार सीडिंग करून घ्या, म्हणजे सरकारी पैसे आधारवरनं त्याच खात्यात येतील. नुसतं आधार "लिंक" आहे म्हणून बँकवाले बोळवण करतात. माझं पहिल्या वर्षीचं त्याच्यातच अडकलं होतं, मार्चला कळालं.

घरकुलवाला
सगळ्यांना थँक्स. काल त्या संस्थेत गेलतो, ताई म्हणल्या तसं त्यांच्यासमोरच महाडीबीटी उघडलं. नावच नाही. सर म्हणले "पुढच्या वर्षी येणारे", मी म्हणलं मग पुढच्या वर्षीच येतो की. बीपीएमटीचं आता बघतोय, बहीण तर चार वर्षाला पण तयार आहे, वडीलच जरा गप्प आहेत.
आता नवीनच झालंय. आईच्या आधारचा मोबाईल नंबर बदलायला गेलो तर मशीन ठसाच घेईना. ३० वर्षं पान कातरून, विड्या वळून बोटं पार गुळगुळीत झालीत, दहाच्या दहा बोटं लावून बघितली, लालच. शेवटी केंद्रवाला म्हणला उद्या या.

पूर्व भागातला
आमच्या आईचं सेम. त्याला डोळ्याचं मशीन लाव म्हण, बुबुळावर होतंय. सगळ्या केंद्रावर ते चालू नसतं, आधी विचारूनच आईला घेऊन जा, नाहीतर परत अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतील.