फ्लॉपी बंद पडलेल्या १९९४ च्या लॅपटॉपवरून मराठी फाइली नव्या लॅपटॉपवर कशा आणाव्यात?

पेटीवाल्यांचा भाचा

माझे थोरले मामा नोकरी सोडून गावी आल्यावर कुडाळकडे एका दशावतारी मंडळात पेटी वाजवायचे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, आणि राजा, राक्षस, नारद उभ्या उभ्याच बोलतात. रात्रभर ऐकलेलं ते बोलणं सकाळी कुठेच उरत नाही, याची मामांना फार हळहळ वाटे. म्हणून जत्रेतला प्रयोग पहाटे संपला की दुपारी उठून आठवेल तेवढं ते टाइप करून ठेवायचे: पदं, संवाद, कुठल्या प्रवेशाला पखवाज कसा वाजला, सगळं.

ते सगळं एका ४८६ लॅपटॉपवर आहे. एमएस-डॉस ६.२२, विंडोज ३.१. बॅटरी गेलीय, पण चार्जरवर चालू होतो. फ्लॉपी ड्राइव्ह फिरतो, वाचत काहीच नाही. यूएसबी नाही. मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आणि प्रिंटरचा पंचवीस भोकांचा. फाइली दोनशेच्या वर, सगळ्या मिळून तीन एमबीच्या आत. डॉसवरच्या मराठी प्रोग्रॅममध्ये उघडल्या की मजकूर अगदी स्वच्छ दिसतो. माझ्याकडे विंडोज ११ आहे.

दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारून बघू." मी मशीन उचलून घरी आणलं. मामा ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांना हे छापलेलं बघायचंय. काय करू?

लॅमिंग्टन रोड

हार्ड डिस्क काढा. २.५ इंची, ४४ पिनांची आयडीई (जुन्या जोडणीची) असेल. यूएसबी अडॅप्टर मिळतो. लावा, कॉपी करा, संपलं.

भोसरी आरएस-२३२

वरचा उपाय मी दुसऱ्या नंबरवर ठेवीन. त्या काळातल्या लहान डिस्कांपैकी काही जुन्याच पद्धतीच्या पत्त्यांवर चालतात, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टर. यूएसबी अडॅप्टरला बहुधा एलबीए, म्हणजे सेक्टरांना सरळ ओळीने दिलेले नंबर, लागतात. डिस्क फिरेल, पण दिसणार नाही. शिवाय तीस वर्षांचं प्लास्टिक उघडताना त्याच्या खुंट्या तुटतात. मशीन चालू होतंय ना? मग त्याच्याकडूनच फाइली मागून घ्या.

मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशिनांची दुरुस्ती करतो. जुन्या मशिनांत प्रोग्रॅम आजही सीरियल पोर्टनेच भरतात, त्यामुळे ही केबल कायम बॅगेत असते. तुम्हाला दोन वस्तू लागतील. एक, यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर, एफटीडीआय चिप असलेला. आर्डुइनोवाले वापरतात तो पाच व्होल्टचा टीटीएल बोर्ड आणू नका. आरएस-२३२ मध्ये अधिक-उणे बारा व्होल्टपर्यंत खेळ चालतो, बोर्ड जळेल. दुसरी वस्तू नल मोडेम केबल, म्हणजे दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडणारी. जुना लॅपटॉप आणि कन्व्हर्टर, दोन्हींना पिनांचे पोर्ट असतात, म्हणून केबलची दोन्ही टोकं फीमेल हवीत. स्वतः करणार असाल तर २ आणि ३ उलटसुलट, ५ ला ५. तीन तारांत भागतं.

आता जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम कुठून आणायचा? आणायचाच नाही. विंडोज ३.१ मध्ये अ‍ॅक्सेसरीजमध्ये 'टर्मिनल' आहे, त्याला फाइल पाठवायच्या एक्समोडेम आणि कर्मिट या दोन्ही पद्धती येतात. नव्या लॅपटॉपवर टेरा टर्म टाका, ते फुकट आहे. दोन्हीकडे ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नन, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नन. एकीकडे टाइप केलेलं दुसरीकडे उमटलं की केबल बरोबर. मग 'सेंड बायनरी फाइल'. 'टेक्स्ट फाइल'वाला पर्याय वापरू नका.

८ डेटा बिट हे डोळ्यांत तेल घालून बघा. आमच्याकडे मशिनांना ७ बिट, इव्हन पॅरिटी सर्रास चालते, कारण जी-कोडमध्ये, म्हणजे मशिनाला दिलेल्या हुकमांत, इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढंच असतं. मामांच्या फाइली इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी पद्धत) असतील तर 'क' म्हणजे १७९. आठवा बिट गेला की उरतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी आकडा ३. पानभर असं झालं की कुठला ३ खरा आणि कुठला 'क' होता, ते मामासुद्धा सांगू शकणार नाहीत.

टर्मिनल एका वेळी एकच फाइल पाठवतं. दोनशे फाइलींसाठी आधी नव्या लॅपटॉपवरून एमएस-डॉस कर्मिट जुन्यावर पाठवा, एवढंच एक त्या डिस्कवर लिहायचं. कर्मिट कोलंबिया विद्यापीठात १९८१ ला सुरू झालं, आणि खराब लाइनवर त्याच्याइतका भरवशाचा गडी मी पाहिला नाही: प्रत्येक पाकीट तपासतं, चुकलं तर परत मागतं. फाइल टाइप बायनरी करा आणि डायरेक्टरी एका दमात सोडा. ९६०० ला सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, म्हणजे तासाच्या आसपास लागेल. लागू द्या.

एक फाइल नव्याकडून परत जुन्यावर वेगळ्या नावाने पाठवून डॉसच्या 'एफसी स्लॅश बी' या कमांडने मूळ फाइलीशी ताडून बघा. फरक नाही आला तर बाकीच्या निर्धास्त आणा.

वेलांटी

आणलेल्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. मूळ प्रत 'रीड ओन्ली' करून बाजूला ठेवा.

इस्की आहे की फॉन्टचं एन्कोडिंग, म्हणजे त्या फॉन्टने स्वतःपुरते ठरवलेले आकडे, हे हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) 'कि' शोधून कळतं. इस्कीत वेलांटी उच्चाराच्या क्रमाने येते: आधी १७९, मग २१९. फॉन्टवाल्या फाइलीत बहुतेक वेळा वेलांटी आधी असते, दिसते तशी. इस्की निघालं तर सुटलात, कारण ते १९९१ चं भारतीय मानक आहे (आयएस १३१९४) आणि आयसीयू लायब्ररीबरोबर येणारं 'यूकॉन्व्ह' हा प्रोग्रॅम ते सरळ युनिकोडमध्ये आणतो. नंतर 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'तऱ्हा' असे अर्ध्या 'र'चे शब्द मुद्दाम तपासा.

पेटीवाल्यांचा भाचा

केबल आणि कन्व्हर्टर आणले. टर्मिनलमध्ये दोन्हीकडून अक्षरं उमटली, एक फाइल फिरवून ताडली, फरक शून्य. हेक्समध्ये १७९ च्या मागे २१९ सापडलं. कर्मिट आत्ता पाठवतोय.

एक विचारायचं राहिलं. काही फाइलींच्या नावाला 'बॅक' असं शेपूट आहे आणि आकार मूळ फाइलीपेक्षा मोठा. त्याही आणू का?

भोसरी आरएस-२३२

सगळ्या आणा. ती बहुधा आधीच्या सेव्हची प्रत असते, आणि मोठी आहे म्हणजे मामांनी नंतर काहीतरी कापलंय. काय ठेवायचं ते त्यांना विचारून ठरवा.