लंडनची प्रसिद्ध ठिकाणे रोजच्या वाटेवरून : आई-बाबांना नेमके काय दाखवावे?

लुइशमवासी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त लंडनला आलो आणि लुइशमला घर घेऊन राहिलो, त्यामुळे माझे रोजचे येणे-जाणे डीएलआरच्या (डॉकलँड्स लाइट रेल्वे) गाडीनेच होते. या शहराची जी ठिकाणे आपण लहानपणापासून कॅलेंडरवर पाहत आलो, ती मला आता ऑफिसला जाताना खिडकीतून ओझरती दिसतात आणि त्यांचा उपयोगही निराळाच होऊन बसला आहे. कॅनरी व्हार्फच्या उंच मनोऱ्याचा त्रिकोणी माथा आणि त्यावरचा लुकलुकणारा दिवा सकाळी घराजवळून दिसला नाही, तर धुके आहे असे समजून मी जाड कोट घालतो. त्यापलीकडे त्या इमारतीचा आणि माझा संबंध नाही. टॉवर ऑफ लंडनच्या आत मी अजून पाऊल टाकलेले नाही.

आता उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून येत आहेत. बाबा निवृत्त शिक्षक असून त्यांनी ठिकाणांची यादी आधीच व्हॉट्सॲपवर पाठवली आहे; आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तासन्‌तास रांगेत उभे राहणे तिला जमणार नाही. इथे राहणाऱ्या माणसाला हे शहर जसे येता-जाता दिसते, तसे त्यांना दाखवता येईल का? की पाहुण्यांच्या दृष्टीने त्यात काही अर्थ नाही? अनेक वर्षे इथे असलेल्यांनी कृपया सांगावे.

बर्मंडसीकर यांचे उत्तर

माझे घर थेम्स नदीच्या दक्षिणेला आणि मुलीची शाळा उत्तरेला असल्यामुळे टॉवर ब्रिज हा माझ्यासाठी प्रेक्षणीय स्थळापेक्षा रेल्वेचे फाटक अधिक आहे. हा पूल 1894 साली वाहतुकीस खुला झाला, तरी तो आजही जहाजांना वाट देण्यासाठी वर्षातून सुमारे 800 वेळा मधून उघडतो, आणि रस्त्यावर कितीही गर्दी असली तरी पहिला मान नदीतल्या जहाजाचाच असतो. जहाजवाल्यांनी 24 तास आधी कळवले की पूल उघडावा लागतो, आणि त्यासाठी त्यांना पैसे पडत नाहीत. बसमध्ये अडकलेल्या आम्हा मंडळींना मात्र हा न्याय नेहमीच पटतो असे नाही.

पूल उघडताना रस्त्यावर काय घडते ते पाहण्यासारखे असते. दिवे लाल होतात, फाटक बंद होते, सायकलवाले एक पाय जमिनीला टेकतात, बसचालक इंजिन बंद करतो; पर्यटक मोबाईल उंच धरून कठड्याकडे धावतात आणि त्याच वेळी इथले रहिवासी मान खाली घालून घरी निरोप पाठवतात की उशीर होईल. रस्त्याचे दोन्ही तुकडे, त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसह, हळूहळू उभे राहतात, आणि इतक्या खटाटोपानंतर खालून एखादेच शिडाचे जहाज संथपणे निघून जाते.

आपल्या बाबांना ही हकीकत अवश्य सांगा : 30 डिसेंबर 1952 रोजी 78 क्रमांकाची बस पुलावर असतानाच तिच्याखालचा भाग वर उचलला जाऊ लागला. चालक अल्बर्ट गंटर यांनी थांबण्याऐवजी वेग वाढवला आणि बस फटीवरून पलीकडच्या, अद्याप न हललेल्या भागावर उडवली. त्याबद्दल त्यांना 10 पौंड बक्षीस मिळाले. 78 क्रमांकाची बस आजही त्याच पुलावरून जाते. पूल कोणत्या दिवशी किती वाजता उघडणार याचे वेळापत्रक संकेतस्थळावर आधीच लावलेले असते. ते पाहून जा, आईंना दक्षिण काठावरच्या बाकावर बसवा, तिकिटाची किंवा रांगेची गरजच पडणार नाही.

घुमटप्रेमी यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातील ‘येता-जाता दिसणे’ ही गोष्ट लंडनने नियमांत बांधून ठेवली आहे, हे इथे येणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. 1930 च्या दशकात नदीजवळ फॅरेडे बिल्डिंग ही टेलिफोन खात्याची उंच इमारत उभी राहिली आणि सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दक्षिण काठावरून झाकला जाऊ लागला, तेव्हा आरडाओरड होऊन कॅथेड्रलभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर बंधने घातली गेली. पुढे शहरातील ठराविक टेकड्या, उद्याने आणि पूल यांवरून दिसणारी दृश्ये संरक्षित झाली. म्हणजे टेकडीवर कुत्रा फिरवायला आलेल्या माणसाला तो घुमट दिसत राहावा, म्हणून मधल्या जमिनीवर कोट्यवधींचे बांधकाम अडते. मला विचाराल तर लंडनमधले सर्वांत मोठे स्मारक हीच व्यवस्था आहे.

तिचे परिणाम डोळ्यांनी पाहता येतात. ‘चीजग्रेटर’ या टोपणनावाने ओळखली जाणारी 225 मीटर उंचीची लेडनहॉल इमारत एका बाजूने तिरकी कापल्यासारखी दिसते, त्यामागे कलाकाराची लहर नसून फ्लीट स्ट्रीटवरून चालत येणाऱ्याला घुमट मोकळा दिसावा ही अट आहे. रिचमंड पार्कमधील किंग हेन्रीज माउंड या उंचवट्यावर तर झाडीत मुद्दाम राखलेल्या फटीतून सुमारे 16 किलोमीटर दूरचा घुमट दिसतो, आणि त्यासाठी तिथे दुर्बीणही ठेवलेली आहे. 2016 मध्ये स्ट्रॅटफर्डला उभ्या राहिलेल्या एका टॉवरने त्याच घुमटाच्या पाठीमागे डोके वर काढले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. नियमाने पुढची जागा राखली होती, मागून असे कोणी येईल याकडे दुर्लक्ष झाले.

आपल्याला एकच जागा सुचवायची तर मी वॉटर्लू ब्रिज सुचवेन. नदी तिथे वळत असल्यामुळे पुलाच्या मध्यावर उभे राहिले की एका हाताला सेंट पॉल आणि ‘सिटी’ या जुन्या व्यापारी भागाचे टॉवर दिसतात, तर दुसऱ्या हाताला पार्लमेंट आणि लंडन आय हा महाकाय पाळणा. बस पुलावरून जाते, त्यामुळे आईंना चढ-उतार नाही. बाबा शिक्षक असल्यामुळे त्यांना हेही आवडेल की वॉटर्लू ब्रिज, बॅटरसीचे जुने वीजकेंद्र, आज टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय असलेले बँकसाइडचे वीजकेंद्र आणि टेलिफोनचा लाल बूथ, या सर्वांच्या रचनेमागे जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या एकाच वास्तुविशारदाचा हात आहे. युद्धकाळात या पुलाच्या बांधकामावर मोठ्या संख्येने स्त्रिया राबल्या, म्हणून नदीवरचे नावाडी त्याला ‘लेडीज ब्रिज’ म्हणत आले आहेत.

हॅरोचे काका यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु मला थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. आपल्याला रोज दिसते म्हणून आपल्याला कंटाळा आला असेल; साताऱ्याहून येणाऱ्या माणसावर तो कंटाळा लादू नये. बाबांनी यादी केली आहे तर बिग बेनसमोर त्यांचा फोटो काढाच, आणि तोही मनोरा पूर्ण येईल असा, म्हणजे वेस्टमिन्स्टर पुलाच्या पलीकडच्या टोकावरून. माझ्याकडे एक पाहुणे नेमके दुरुस्तीच्या काळात आले होते. 2017 पासून 2022 पर्यंत घंटेचे नेहमीचे टोले बंद होते आणि मनोरा बराच काळ, प्लास्टरमध्ये घातलेल्या हातासारखा, परांचीत गुंडाळलेला होता. पाहुण्यांनी त्याचाही फोटो काढला आणि नागपूरला सर्वांना दाखवला. हौसेला मोल नसते.

लंडन आयचे एक आवर्तन सुमारे अर्ध्या तासाचे असते आणि आत बसायला बाक असतो, तेव्हा गुडघेदुखीवर ते वाईट नाही. फक्त वेळेचे तिकीट आधी काढा. मॉन्युमेंट नावाच्या 1677 सालच्या स्तंभाला मात्र 311 पायऱ्या असून लिफ्ट नाही, तो यादीतून काढून टाका.

आम्हा वायव्य लंडनकरांची खूण म्हणजे वेम्बली स्टेडियमची 133 मीटर उंच कमान. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाहून परतताना ती दिव्यांनी उजळलेली दिसली, की त्या दिवशी तिथे सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम आहे आणि गाडी दुसऱ्या रस्त्याने न्यावी, एवढे कळते. बाबांना मंडळातही न्या. 1932 साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि त्यांना तिथे बोलायला माणसे मिळतील.

यादीत नसणारे एक ठिकाण मी आवर्जून जोडतो. 10, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शिक्षणाच्या काळात, 1921-22 मध्ये, राहिले होते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते घर विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. जवळच प्रिमरोज हिल आहे, जिथून घुमटप्रेमींचा लाडका घुमट आणि वेस्टमिन्स्टर, दोन्हींची दृश्ये संरक्षित आहेत.

लुइशमवासी

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना आंबेडकरांच्या घराबद्दल फोनवर सांगितले, तर त्यांनी ते यादीत पहिल्या क्रमांकावर घेतले आणि मादाम तुसाँ खोडले. काका, एकच शंका : प्रिमरोज हिलचा चढ आईला झेपेल का?

हॅरोचे काका

चढ फार नाही, 63 मीटरची तर टेकडी आहे, आणि वाट फरसबंद आहे. वाटेत बाके आहेत. घर आधी पाहा, कारण ते उघडे असण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या अगोदर तपासून घ्या. चॉक फार्म स्थानकावर उतरलात तर चालणे कमी पडेल. येताना वाटर्लूमार्गे बसने या. पहिली बस पकडल्यापासून तासाभरात बदललेल्या बसला वेगळे भाडे लागत नाही, आणि वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर बाबांना खाली उतरवणे कठीण जाईल.