अनिटा ब्लेक: 'गिल्टी प्लेझर्स' पुढे वाचावी का, आणि मालिका कुठवर?

सातबारा
शहरी फँटसी, त्यातही व्हॅम्पायर-शिकारी नायिका, असा विषय निघाला की हमखास लॉरेल के. हॅमिल्टनच्या 'गिल्टी प्लेझर्स'चे (१९९३) नाव पुढे येते. पहिली काही प्रकरणे वाचून झाली आहेत. इंग्रजी सोपे आहे, संवाद चटपटीत आहेत. पण हे नक्की काय आहे? रहस्यकथा म्हणावी तर नायिका तपास कमी करते आणि धमक्याच जास्त ऐकते. भयकथा म्हणावी तर तिच्या प्रत्येक वाक्यात टोमणा. शिवाय नियमांचा गोंधळ होतो: क्रूस एका ठिकाणी चालतो, दुसऱ्या ठिकाणी ती तो घालूनही हतबल. आणि मालिका म्हणे तिसाच्या घरात गेली आहे. सगळी वाचण्यासारखी आहे का? जाणकारांनी सांगावे. शेवट फोडायचा असेल तर आधी इशारा द्या.

निशाचर
ही मुळात खासगी गुप्तहेराची कथा आहे, फक्त गुप्तहेर प्रेते उठवतो. रेमंड चँडलरच्या मार्लो या गुप्तहेरापासून चालत आलेली अमेरिकन परंपरा यात जशीच्या तशी आहे: प्रथमपुरुषी निवेदन, तुसडा विनोद, उकाड्यातले शहर, नको असलेले अशील. फरक एवढाच की पहिल्याच प्रकरणात कचेरीत आलेला अशील, विली मकॉय, मेलेला, म्हणजे व्हॅम्पायर, आहे. अनिटा त्याला नाही म्हणते आणि पुढचे पुस्तकभर तिला तेच काम जबरदस्तीने करावे लागते. हा साचा लक्षात घेतला की 'ती तपास का करत नाही' ही तक्रार निम्मी मिटते. अशा कथेत नायक चार दारे ठोठावतो, दोनदा मार खातो आणि त्या गडबडीत सत्य बाहेर पडते.

पुस्तकाचे खरे बळ मात्र कायद्यात आहे. या जगात 'ॲडिसन विरुद्ध क्लार्क' नावाच्या काल्पनिक खटल्यामुळे अमेरिकेत व्हॅम्पायर कायदेशीर ठरले आहेत, आणि कथा सुरू होते तेव्हा त्याला जेमतेम दोन वर्षे झाली आहेत. एवढ्या एका निकालातून लेखिका काय काय काढते ते पाहा. काल ज्याला खुंटी ठोकली तर शाबासकी मिळायची, त्याला आज ठोकली तर तो खून. कोर्टाचा मृत्यू-आदेश हातात असल्याशिवाय शिकार नाही. म्हणून तर व्हॅम्पायरांचे खून होऊ लागल्यावर पोलिसांना रीतसर तपास करावा लागतो, आणि त्यासाठी 'स्पूक स्क्वाड' असे हिणवले जाणारे वेगळे पथक आहे. मतदानाचा हक्क द्यावा की नाही यावर संघटना भांडतात. माल्कम नावाचा व्हॅम्पायर 'चर्च ऑफ इटर्नल लाइफ' चालवतो. इतर धर्म जे मेल्यावर मिळेल असे सांगतात ते हा समोर उभे करून दाखवतो, त्यामुळे त्याच्याकडे भाविकांची गर्दी. उलट कॅथलिक चर्चने प्रेते उठवणाऱ्यांना बहिष्कृत केले, म्हणून अनिटा एपिस्कोपल या प्रोटेस्टंट पंथात गेली. हे सगळे दोन-दोन ओळींत येते. घाईत वाचणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

लोलक
नियम बदलत नाहीत, विखुरलेले आहेत. एकत्र लिहिते.

क्रूस: धारण करणाऱ्याची श्रद्धा असेल तरच चालतो, आणि तो फक्त व्हॅम्पायरला रोखतो. त्यांच्या चाकरीतल्या जिवंत माणसांना तो खुशाल हाताळता येतो. अनिटाच्या हातावर क्रूसाच्या आकाराचा डाग आहे, तो व्हॅम्पायरने नव्हे, त्यांच्या मानवी चाकरांनी दिलेला. 'क्रूस असून हतबल' असे जिथे वाटते तिथे खोलीत माणूस कोण कोण आहे ते मोजा.

नजर: डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. अनिटाला मृतांवर हुकमत असल्यामुळे थोडे संरक्षण आहे, पण समोरचा जितका जुना तितके ते तोकडे पडते. नवा विली तिला काही करू शकत नाही. हजार वर्षे ओलांडलेली निकोलाओस, शहराची मुख्य व्हॅम्पायर, जी दिसते लहान मुलीसारखी, तिच्यापुढे हे संरक्षण उडून जाते. म्हणजे वय हेच इथले मोजमाप. नवे पात्र आले की आधी वय शोधा, प्रसंगाची गणिते आपोआप कळतात.

चांदी: गोळ्या चांदीचा मुलामा दिलेल्या. नुसत्या शिशाची जखम भरून येते. पण गोळी लागली म्हणजे मेला असे नाही. खात्री हवी तर हृदयही नष्ट करायचे आणि डोकेही वेगळे करायचे. काम शक्यतो दिवसा, ते निपचित असताना. ब्राऊनिंग हाय-पॉवर हे तिचे पिस्तूल वेळ मिळवण्यासाठी आहे, निकाल लावण्यासाठी नाही.

पवित्र पाणी: व्हॅम्पायरच्या कातडीवर आम्लासारखे. व्हॅलेंटाइन नावाचा व्हॅम्पायर मुखवटा का घालतो याचे उत्तर तेच. चावा धुवायलाही हेच वापरतात, आणि ते भयंकर झोंबते.

खुणा: व्हॅम्पायरला एखाद्या माणसाला आपला मानवी सेवक करायचे तर त्याच्यावर चार उमटवाव्या लागतात. या पुस्तकात जाँ-क्लोद हा व्हॅम्पायर अनिटावर पहिल्या दोन उमटवतो, तिला वाचवण्याच्या निमित्ताने आणि तिला न विचारता. पुढच्या सगळ्या पुस्तकांचा ताण इथून सुरू होतो, तेव्हा तो प्रसंग चाळून पुढे जाऊ नका.

मिरजकर
निशाचर, कायद्याबद्दल पूर्ण सहमत. तपासाबद्दल नाही. साचा खासगी गुप्तहेराचा आहे म्हणून ढिसाळ रहस्य माफ होत नाही. वाचकाला खुनी ओळखण्याची संधी नीट मिळत नाही. संशयित मोजकेच, त्यांतल्या निम्म्यांना दोन पानांपेक्षा जास्त जागा नाही. मधला भाग तर एका धोक्यातून दुसऱ्या धोक्यात ढकलण्यात जातो: तळघर, उंदीरमाणसे, मग पार्टी, मग पुन्हा तळघर.

(इशारा, पुढच्या दोन वाक्यांत सुगावा आहे.) स्मशानातल्या प्रकरणात निकोलाओसच्या पदरी असलेला दुसरा ॲनिमेटर (म्हणजे अनिटासारखाच प्रेते उठवणारा), झॅकरी, काम करतो तेव्हा त्याच्या अंगावरच्या ताईताचा उल्लेख येतो. तो ताईत कशावर चालतो हा प्रश्न अनिटाने तिथेच विचारला असता तर पुस्तक शंभर पानांनी आटोपले असते.

आणखी एक. धारपांच्या 'लुचाई'सारखी, गाव हळूहळू पोखरत जाणारी भीती शोधत असाल तर ती इथे सापडणार नाही. इथे भीती एकाच माणसाची वाटते, आणि तो माणूस व्हॅम्पायर नाही. एडवर्ड, तिचा मित्र म्हणावा असा भाडोत्री मारेकरी, शहराच्या मुख्य व्हॅम्पायरची दिवसा झोपायची जागा तिच्याकडे मागतो आणि सांगितली नाहीस तर छळ करून काढून घेईन म्हणतो. अगदी सौजन्याने. निकोलाओसच्या सगळ्या थयथयाटापेक्षा ते एक संभाषण अंगावर येते.

निशाचर
एडवर्डबद्दल वादच नाही. ढिसाळपणाही मान्य, पहिल्या पुस्तकात तो आहेच. म्हणूनच ही मालिका पहिल्यावरून जोखू नये, दुसऱ्यावरून जोखावी. 'द लाफिंग कॉर्प्स' (१९९४) रहस्य म्हणून कितीतरी घट्ट आहे. एक धनाढ्य माणूस अनिटाकडे २८३ वर्षांचे जुने प्रेत उठवायची मागणी करतो, आणि एवढ्या जुन्या प्रेताला बळी माणसाचा लागतो. पहिल्या पानापासून नकार आणि दबाव यांची रस्सीखेच, सोबत पोलीस तपास, दोन्ही धागे शेवटी एकत्र.

तिचा खरा व्यवसायही तिथेच दिसतो. ताज्या मढ्याला कोंबडी पुरते, जुन्याला बकरा लागतो, त्याहून जुने असेल तर प्रकरण हाताबाहेर. लेपात रोझमेरी, दालचिनी, लवंग. स्मशानात मसाल्याचा डबा घेऊन जाणारी नायिका दुसरीकडे बघायला मिळत नाही. काम संपल्यावर मीठ, नाहीतर उठवलेले परत जात नाही. पहिल्या पुस्तकात व्हॅम्पायरांच्या गर्दीत हे कोपऱ्यात ढकलले गेले आहे.

सातबारा
लोलक, यादीबद्दल आभार. व्हॅलेंटाइनचा मुखवटा आत्ता उमगला. मग दुसऱ्या पुस्तकापर्यंत जातो. त्याच्या पुढे?

लोलक
क्रम प्रकाशनाचाच ठेवा, उड्या मारू नका. जखमा, खुणा, वैरे सगळे पुढे चालू राहते. तिसरे 'सर्कस ऑफ द डॅम्ड' (१९९५), त्यात रिचर्ड हा शाळामास्तर लांडगामाणूस येतो आणि प्रेमाचा त्रिकोण सुरू होतो. १९९६ मध्ये दोन आली, 'द ल्युनॅटिक कॅफे' आणि 'ब्लडी बोन्स'. १९९७ च्या 'द किलिंग डान्स'मध्ये त्रिकोणाचा निकाल लागतो. ज्यांना प्रणय नको त्यांचा पाय इथे अडखळतो. तरी 'ऑब्सिडियन बटरफ्लाय' (२०००) सोडू नका. ते नववे. सेंट लुईस सोडून न्यू मेक्सिकोत घडते, प्रियकर मंडळी बाजूला आणि एडवर्ड केंद्रस्थानी. मिरजकरांना हवे तसे गुन्हेगारी पुस्तक तेच.

दहावे, 'नार्सिसस इन चेन्स' (२००१), ही सीमारेषा. तिथे अनिटाला 'आर्दर' नावाची शक्ती मिळते, जिची भूक शरीरसंबंधातूनच भागते. मग कथानकाची रचनाच बदलते: आधी गुन्हा आणि त्याच्या कडेने शृंगार होता, आता शृंगार मुख्य आणि गुन्हा तोंडी लावायला. वाचकवर्गही तिथेच दुभंगला. अनेकांना पुढची पुस्तके जास्त आवडतात, त्यांची चूक नाही. पण तुमचे प्रश्न पाहता तुम्ही नवव्यावर थांबावे.

मिरजकर
नवव्यावर थांबण्याच्या सल्ल्याला दुजोरा. फक्त ज्यांना सहावे-सातवे जड जाईल त्यांनी ती दोन्ही भराभर चाळली तरी चालेल, पात्रे कोण मेली आणि कोण कोणाबरोबर आहे एवढे लक्षात ठेवा.

वयाबद्दल कोणी विचारले नाही, तरी: शीर्षकातले 'गिल्टी प्लेझर्स' हे व्हॅम्पायर नर्तक कपडे उतरवतात त्या क्लबचे नाव आहे. पहिल्या पुस्तकात प्रत्यक्ष शृंगार फारसा नाही, पण चाव्याचे व्यसन लागलेल्या माणसांच्या पार्ट्या आहेत आणि त्याच क्लबात नाचणाऱ्या फिलिप या माणसाच्या पूर्वायुष्यात लहानपणी झालेले अत्याचार आहेत. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये. फिलिप हे पुस्तकातले सगळ्यात नीट लिहिलेले दुय्यम पात्र आहे, हेही जाता जाता.

निशाचर
इंग्रजीच्या गतीने अडत असाल तर चित्रकथा आहे. डेबल ब्रदर्स आणि मार्व्हलने २००६ पासून याच पहिल्या पुस्तकाची काढली, चित्रे ब्रेट बूथची. घटनाक्रम जवळजवळ तोच. पण निवेदनातला खवचटपणा बराच कापला जातो, आणि कपड्यांची वर्णने, जी कादंबरीत कंटाळवाणी होतात, ती चित्रात एका चौकटीत उरकतात. तेव्हा आधी कादंबरी, मग हौस असेल तर चित्रकथा. आणि ते स्मशानाचे प्रकरण पुन्हा एकदा उघडा. मिरजकरांचा इशारा वाचलाच असेल, तर निकोलाओस तिथे झॅकरीकडून नक्की काय करून घेऊ पाहते ते बघा.