‘वेंट ऑन टू’ आणि ‘वेंट ऑन’: फरक कसा शिकवायचा?

प्रश्न: दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. बाबासाहेबांवरच्या उताऱ्यात ‘ही वेंट ऑन टू स्टडी इन लंडन’ असं वाक्य आलं. अर्ध्या वर्गाने लिहिलं, ‘ते लंडनमध्ये शिकत राहिले.’ कसं समजावू?

उत्तर १: ताई, ‘ऑन’नंतर ‘टू’ आणि मूळ क्रियापद आलं की पुढचा टप्पा समजायचा. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला. म्हणून ‘पुढे ते लंडनला शिकले’. ‘वेंट ऑन स्टडिइंग’ असतं तर जे चालू होतं तेच चालू राहिलं. फळ्यावर दोन्ही सालं लिहून मध्ये बाण काढा, मुलींना लगेच दिसेल.

उत्तर २: ‘एंडेड अप इन लंडन’सुद्धा दाखवा. त्यात ठरवलेलं नसताना जाऊन पोचल्याचा सूर असतो. बाबासाहेबांच्या बाबतीत तो मुळीच वापरू देऊ नका! ते ठरवून, हालअपेष्टा सोसून शिकले.

प्रश्नकर्ती: बाणाचं पटलं, उद्याच करते. आणि ‘मूव्ह्ड ऑन टू’?

उत्तर १: तेही पुढे जाणंच, पण आधीचं मागे टाकून. धडा संपवून कवितेकडे वळताना वर्गात तेच म्हणा, आपोआप रुळेल.