जुन्या गाड्यांचा क्लब : तुमच्याकडे सुरुवात कशी झाली?

जुन्या गाड्या म्हटलं की आधी राजेरजवाडे आठवतात. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक ही आलिशान जर्मन गाडी, नाहीतर 1964 साली 'स्टेट्समन' वर्तमानपत्राने दिल्लीत सुरू केलेली रॅली. त्यावर भरपूर छापून येतं. इथे हवेत ते फियाट, अँबॅसॅडर, हेरल्ड अशा साध्या घरगुती गाडीवाल्यांचे अनुभव. ज्यांनी एकेकाळी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून गाडी घेतली आणि मग विकलीच नाही, त्यांचे. माझा अंदाज असा की हे गट गाडीच्या प्रेमातून निघाले नाहीत, पार्ट मिळेनासे झाले म्हणून निघाले. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा.

पुणे, कर्वेनगर

खोडत नाही, पुरावाच देतो. प्रीमियर कंपनीने पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, 2000 च्या सुमारास बंद केली. सुरुवातीची काही वर्षं जाणवलं नाही, नाना पेठेत सगळं मिळायचं. मग एकेक दुकानदार "माल संपला, आता मारुतीचं विचारा" म्हणू लागला. मला वॉटर पंप हवा होता. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, "शेवटचे दोन्ही पंप एक काका घेऊन गेले. बघा देतात का." पत्ता त्यानेच दिला.

काकांनी दिवाणाची फळी उचलली. आत पेपरात गुंडाळलेले पॉइंट, डिस्ट्रिब्युटर कॅप, सोलेक्स कार्बोरेटरचे जेट, क्लचप्लेट. प्रत्येक पुडीवर पेनाने तारीख आणि भाव. काकू दारातून म्हणाल्या, "ह्यांच्या अंथरुणाखाली माझ्या साड्या होत्या पूर्वी." पंप मिळाला, पैसे घेतले नाहीत. "डिलाइट फियाटचा टेललॅम्प असेल तर दे," एवढंच म्हणाले. तो आमच्या माळ्यावर पडून होता.

पुढच्या रविवारी काका आणखी एकाला घेऊन आले, त्याला दाराची मूठ हवी होती. मग दर रविवारी आधी जुना बाजार पालथा घालायचा आणि नंतर चहा, असा शिरस्ता पडला. काकांनी शंभर पानी वही घातली. डावीकडे 'कोणाकडे जादा काय', उजवीकडे 'कोणाला हवंय काय'. सभासदांची यादी, अध्यक्ष, वर्गणी हे सगळं फार नंतर आलं, एका शाळेने 26 जानेवारीला गाड्या मांडायला बोलावलं तेव्हा. बॅनरवर काय लिहायचं यावर दोन रविवार भांडण झालं. त्या भांडणात पहिल्यांदा कुणीतरी 'क्लब' म्हणालं.

ठाणे

आमच्याकडे पार्ट नव्हे, कागद. गाडी आजोबांची, 'डुक्कर फियाट'. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, साडी नेसून उतरायला त्याच्याइतकी सोयीची गाडी नाही. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कित्येक वर्षं झालेली, वारस पाच. एजंट म्हणाला, "भंगारात काढा ताई."

तेव्हा गटातल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी कोणाचं ना-हरकत पत्र, कोणतं प्रतिज्ञापत्र, कर कुठपर्यंत भरलाय, हे सगळं क्रमाने लावून दिलं. त्यांच्याकडे फाइल घेऊन येणाऱ्यांची रांग लागली आणि गट त्यातूनच वाढला. 2021 साली केंद्राने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले : नव्याने नोंदणी करायची तर 20,000 रुपये, दर 10 वर्षांनी नूतनीकरणाला 5,000, नंबरात 'व्हीए' अक्षरं. त्या आठवड्यात त्यांचा फोन लागत नव्हता. ज्यांची गाडी आधीच नोंदलेली आहे त्यांचा जुना नंबर जात नाही, हे एकच वाक्य ते दिवसभर सांगत होते.

जाता जाता : स्टिअरिंगवरचा गिअर मीच टाकते. तरी प्रत्येक प्रदर्शनात कोणीतरी येऊन विचारतंच, "मिस्टर कुठे आहेत?"

लालबाग

वरचं वाचून बरं वाटलं, थोडं टोचलंही. वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती. काळीपिवळीला 20 वर्षांची मर्यादा आली तेव्हा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे रोज पद्मिन्या कापल्या जायच्या. तुमच्या क्लबांना तेव्हा पार्टची सुगी होती. काचा, बंपर, मीटर बोर्डाच्या पट्ट्या, सगळं किलोच्या भावाने. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा फोटो काढायला गर्दी लोटली. बाबांनी बातमी बघितली आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं हिच्या बोनेटमध्ये डोकं घातलं, तेव्हा कोणी नव्हतं आलं."

तरीही सांगतो, मुंबईतल्या एका गटाने बाबांना बोलावलं. भाषणाला नाही. एका वकिलाची गाडी चालू होत नव्हती म्हणून. बाबांनी चोक ओढला, कान दिला, "टायमिंग मागे आहे" म्हणाले, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि गाडी सुरू झाली. आता ते दर महिन्याला जातात, आणि मानधनही ठणकावून घेतात.

सातारा

आमचा गट घाटात जमला, अगदी शब्दशः. मे महिन्यात खंबाटकीत दोन फियाट एकामागे एक बंद. पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढत नव्हता. दोघांनीही पंपावर ओलं फडकं टाकलं आणि एकमेकांकडे बघून हसलो. तिसरी अँबॅसॅडर होती, ती थांबली फक्त पाणी द्यायला. आज आम्ही आठ-दहा गाड्या आहोत, नाव अजून ठेवलेलं नाही.

कॉव्हेंट्री, इंग्लंड

मी उलट्या बाजूने आलो. नोकरीसाठी इथे आल्यावर कळलं की ज्या ट्रायम्फ हेरल्डवरून मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड निघाली, ती याच गावची. इथे हेरल्डवाल्यांचा गट मोठा आहे, पार्टचा कॅटलॉग छापून मिळतो. नाशिकच्या मामांची हेरल्ड अंगणात उभी होती. 948 सीसी इंजिनाची गॅस्केट, पिस्टन रिंगा सुटकेसमधून नेल्या, बसल्या. मागच्या दरवाज्याचं रबर मात्र नाही मिळालं, कारण चार दारांची हेरल्ड फक्त भारतातच बनली. इथल्या म्हाताऱ्या सभासदांना मी फोटो दाखवला तर कोणाचा विश्वास बसेना. आता नाशिकहून त्यांच्यासाठी दाराचे फोटो आणि मापं येतात, इथून पार्ट जातात. मामांनी याला 'देवाणघेवाण मंडळ' नाव ठेवलंय.

पुणे, नाव नको

मी सोडला क्लब. बक्षिसं आली आणि मजा गेली. 'उत्कृष्ट मूळ स्थिती'च्या ढालीसाठी लोक दुसऱ्याच्या गाडीचा नटबोल्ट तपासू लागले. वायपरवरून दोन मित्र बोलायचे थांबले. वहीवाल्या काकांनाही शेवटी कोणी विचारत नव्हतं, कारण पैसेवाले थेट बाहेरून पार्ट मागवू लागले. अंदाज मांडणाऱ्यांना एवढंच सांगेन : पार्ट सहज मिळू लागले की क्लबही पातळ होतो, हेही त्यात धरा.

पुणे, गॅरेजवाला

मला लिहायला मुलाने बसवलंय. साहेब लोक काय म्हणतील ते म्हणोत, सध्या गर्दी आहे ती पेट्रोलपायी. 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं तेव्हापासून जुन्या गाड्यांची रबरी नळी फुगते, पंपाचा पडदा कडक होतो. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात तीन फियाट टोचन करून आल्या, तिघांचे मालक एकमेकांना ओळखत नव्हते. माझ्या बाकड्यावर बसून ओळख झाली. आता त्यांनी ग्रुप काढलाय आणि इथेनॉलला टिकणारी नळी एकत्र मागवताहेत. कोणाला हवी असेल तर मीटरमध्ये सांगा, फुटात नको, कापताना घोळ होतो. आणि टाकी गंजलेली असेल तर आधी ती धुऊन घ्या, नाहीतर नवी नळी पण चार दिवसांत तुंबेल.